शोकनायक नेमका बदलतो कुठे? ग्रीक शोकांतिका वाचण्याची एक पद्धत

ग्रीक शोकांतिकेतल्या नायकाबद्दल लिहायची वेळ आली की एक वाक्य हाताशी तयार असतं: नायक आधी गर्विष्ठ असतो, मग त्याचं पतन होतं आणि शेवटी तो नम्र होतो. हे वाक्य घेऊन ग्रीक नाटककार सोफोक्लीजची संहिता वाचायला बसा, ते टिकत नाही. 'राजा ईडिपस'च्या शेवटी स्वतःचे डोळे फोडून घेतलेला ईडिपस नम्र झालेला नाही. तो अजूनही वाद घालतो, कोणी काय करायचं ते सांगतो, आपलंच खरं करू पाहतो. तरीही नाटक संपताना आपल्यासमोर उभा असलेला माणूस पहिल्या प्रवेशातला नाही, हे वाचणाऱ्याला पक्कं कळलेलं असतं. मग बदललं काय?

ते शोधण्याची एक पद्धत इथे मांडतो आहे. साहित्याच्या आणि नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती उपयोगी पडेल, पण मनात जास्त आहेत ती ग्रीक नाटक बसवू पाहणारी किंवा त्यात भूमिका करणारी मंडळी. मुख्य उदाहरण 'राजा ईडिपस'चं, कारण तिथे बदलाची प्रत्येक पायरी ओळीवर बोट ठेवून दाखवता येते. बाकीची नाटकं पुढे येतील.

पद्धतीचा पाया एवढाच की 'नायक बदलला' असं मोघम म्हणायचं नाही. चार गोष्टी वेगवेगळ्या धरायच्या: त्याची परिस्थिती, त्याला असलेलं ज्ञान, त्याचा निर्णय आणि त्याचा स्वभाव. माझं म्हणणं असं की सोफोक्लीजच्या नायकात पहिल्या तीन गोष्टी उलट्यापालट्या होतात आणि चौथी जवळजवळ जागची हलत नाही. तोच स्वभाव नव्या ज्ञानाला भिडतो, आणि आपल्याला जाणवणारा बदल म्हणजे ही भिडंत.

आधी संहिता नीट निवडा

समासात मूळ ग्रीक ओळींचे क्रमांक दिलेली आवृत्ती घ्या. 'राजा ईडिपस' १५३० ओळींचं आहे. क्रमांक असले की कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीनंतर किती अंतराने येते ते दिसतं आणि दोन भाषांतरं शेजारी ठेवता येतात. मराठीत पु. ल. देशपांडे यांचं 'राजा ओयदिपौस' आहे, आणि ॲरिस्टॉटलचं 'काव्यशास्त्र' विंदा करंदीकरांनी मराठीत आणलं आहे. दोन्ही जवळ ठेवा. पण पहिलं वाचन काव्यशास्त्राशिवाय, एका बैठकीत आणि शक्यतो मोठ्याने करा. ॲरिस्टॉटलने नाटकांमधून नियम काढले. नाटककारांपुढे ते नियम नव्हते. सोफोक्लीज इसवी सनपूर्व ४०६च्या सुमारास वारला आणि ॲरिस्टॉटलचा जन्म ३८४चा, हा क्रम विसरला की आपण नाटकात पारिभाषिक शब्दच शोधत बसतो.

रंगमंचाची तीन बंधनंही लक्षात असू द्या, कारण बदल कुठे शोधायचा हे त्यांवर ठरतं. अथेन्समधल्या डायोनिससच्या रंगमंचावर नट मुखवटे घालत, त्यामुळे चेहऱ्यावरचा भाव पालटताना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. बोलणारे नट बहुधा तीनच. आणि ईडिपसची कथा प्रेक्षकांना ठाऊक होती: तीन रस्ते मिळतात तिथे त्याने एका अनोळखी माणसाला मारलं, तो त्याचा बाप निघाला, आणि ज्या राणीशी लग्न केलं ती त्याची आई. म्हणजे काय होणार याची उत्सुकता नाही, चेहरा दिसत नाही. उरले शब्द, येणं-जाणं आणि कोण कोणाला कशी हाक मारतो ते. नायकाचा बदल तिथेच शोधायचा.

पहिल्या प्रवेशाचा जबाब घ्या

नायक प्रथम येतो तेव्हा तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून ठेवा. लोक त्याला काय मानतात? तो स्वतःला काय मानतो? आणि काम करण्याची त्याची रीत काय?

थीब्ज शहरात रोगराई आहे. हातात फांद्या घेतलेली माणसं राजवाड्यासमोर बसली आहेत. ईडिपस स्वतः बाहेर येतो. निरोप्यांकडून ऐकण्यापेक्षा मीच आलो, असं म्हणतो. त्याच्या तोंडची पहिलीच हाक 'मुलांनो' अशी आहे. पुजारी त्याला देवासमान नव्हे, पण माणसांत पहिला म्हणतो. काय करायचं असं लोकांनी विचारण्याआधीच त्याने आपला मेहुणा क्रेऑन याला डेल्फीला कौल घ्यायला धाडलेलं आहे. क्रेऑन परत आल्यावर विचारतो, इथेच बोलू की आत जाऊन? ईडिपस म्हणतो, सगळ्यांसमोर बोल.

एवढ्यात माणूस पुरता उभा राहिला. वेगाने हालचाल करणारा, गोष्ट उघड्यावर आणणारा, दुसऱ्याच्या दुःखाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणारा. यात गर्व शोधायला जाऊ नका. हे गुण आहेत, आणि पुढे घडणारं सगळं याच गुणांमुळे घडतं. त्याला आत जाऊन बोलायची सवय असती, चौकशी रेंगाळू देण्याची सवय असती, तर नाटक झालंच नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट इथेच टिपून ठेवा. क्रेऑन सांगतो की आधीच्या राजाला, लायसला, लुटारूंनी मारलं. अनेकवचनी. ईडिपस लगेच उलट विचारतो, इथून कोणी पैसे चारल्याशिवाय त्या लुटारूची एवढी हिंमत कशी झाली? एकवचनी. हा फरक सोफोक्लीजने पुढच्या सातशे ओळींसाठी राखून ठेवला आहे.

ज्ञानाची वही करा

हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात फळ देणारं काम. कोरसच्या, म्हणजे मंचावरच्या गाणाऱ्या समूहाच्या, गाण्यांनी नाटकाचे भाग आपोआप पडलेले असतात. प्रत्येक भागासाठी एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा: प्रेक्षकाला काय माहीत आहे, नायकाला काय सांगितलं गेलं, आणि त्यातलं नायकाने काय ऐकलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं अंतर म्हणजे ईडिपसच्या बदलाचा नकाशा.

द्रष्टा टायरेसियस येतो त्या प्रवेशाचं पान भरून पाहा. दुसऱ्या रकान्यात जवळपास सगळं सत्य येऊन पडतं. ज्याला शोधतो आहेस तो खुनी तूच, असं टायरेसियस स्पष्ट सांगतो, आणि ओळ आहे साडेतीनशेच्या आसपास. नाटकाचा पाव भागसुद्धा झालेला नाही. तिसऱ्या रकान्यात मात्र एकच गोष्ट लिहावी लागते: क्रेऑन आणि हा म्हातारा मिळून माझं सिंहासन घ्यायला निघालेत. ईडिपस सत्य ऐकतो, पण कटाचा पुरावा म्हणून. फक्त एकदा तो अडखळतो. तुझ्या आईवडिलांना मी शहाणा वाटत होतो, असं टायरेसियस जाता जाता म्हणतो आणि ईडिपस त्याला थांबवतो: कोण आईवडील? थांब, मला जन्म कोणी दिला? रागाच्या भरातून हा प्रश्न वर येतो आणि पुन्हा बुडतो. भूमिका करणाऱ्या नटाने ही जागा हातची जाऊ देऊ नये.

आता जोकास्टाचा प्रवेश. माझ्या मते सगळ्या ग्रीक नाटकात याच्या तोडीचा दुसरा प्रवेश नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

ईडिपस आणि क्रेऑनचं भांडण पेटलं आहे. राणी मध्ये पडते आणि नवऱ्याला शांत करण्यासाठी सांगते की द्रष्ट्यांचं काही खरं नसतं, हा घे पुरावा. लायसला कौल मिळाला होता की तो स्वतःच्या मुलाच्या हातून मरेल. पण त्याला मारलं परक्या लुटारूंनी, तीन रस्ते मिळतात त्या जागी. आणि मूल तर तीन दिवसांचंही नव्हतं, तेव्हाच लायसने त्याचे घोटे एकत्र जखडून त्याला डोंगरावर टाकायला लावलं. तेव्हा तू काळजी सोड.

तिच्या या दिलाशात दोन गोष्टी आहेत: तीन रस्ते आणि जखडलेले घोटे. स्वतःच्या घोट्यांवर जन्मापासून व्रण वागवणारा माणूस समोर बसला आहे. पण तो घोट्यांचं वाक्य सोडून देतो आणि रस्त्यांचं पकडतो. का? कारण त्या वेळी तो एका खुनाचा तपास करतो आहे, स्वतःच्या जन्माचा नाही. मन ज्या प्रश्नात गुंतलेलं असतं त्या प्रश्नाचंच उत्तर त्याला ऐकू येतं. 'आंधळा ईडिपस' हा घासून गुळगुळीत झालेला विचार इथे एका साध्या, माणसाच्या सवयीत उतरतो.

यापुढे त्याच्या प्रश्नांचा क्रम बघा. ती जागा कुठे? फोकिसमध्ये, डेल्फी आणि डॉलियाकडून येणाऱ्या वाटा मिळतात तिथे. कधी घडलं? तू राजा होण्याच्या थोडं आधी. लायस दिसायला कसा होता? केसांत नुकती पांढरी झाक आलेला, आणि बांध्याने तुझ्यापेक्षा फार वेगळा नव्हता. बरोबर किती माणसं? पाच, आणि एकच रथ. वाचलं कोण? एक नोकर. तो कुठे आहे? परत आल्यावर तुला गादीवर पाहिलं आणि माझा हात धरून विनवलं, मला शहरापासून लांब, गुरांकडे पाठव.

प्रश्न तेच, तपासाची पद्धत तीच, वेगही तोच. पण दर उत्तरागणिक तपास करणारा आणि ज्याचा तपास चालला आहे तो एकमेकांच्या जवळ सरकत आहेत. स्वभाव जागच्या जागी आहे, ज्ञान बदलतं आहे आणि त्यामुळे त्याच कृतीची दिशा उलटी होते आहे. परीक्षेत किंवा तालमीत, हे वाक्य आधी सांगून मग प्रवेश दाखवू नका. प्रश्नांचा क्रम आधी दाखवा.

आणि आता ते एकवचन-अनेकवचन वर येतं. ईडिपसची एकच आशा उरते: नोकराने 'लुटारू' म्हटलं होतं ना? त्याने अजूनही अनेकच सांगितले तर मारणारा मी नाही, कारण एक म्हणजे अनेक नव्हेत. सुरुवातीला ज्याने स्वतःच अनेकाचा एक केला होता, तोच आता त्या अनेकवचनाला धरून बसला आहे.

कलाटणी आणि उमज वेगळ्या मोजा

ॲरिस्टॉटल दोन घटना सांगतो. एक कलाटणी: कृती जिकडे निघाली होती तिच्या उलट टोकाला पोहोचते. दुसरी उमज: अज्ञानातून ज्ञानाकडे जाणं. दोन्ही एकाच वेळी घडल्या तर उत्तम, असं तो म्हणतो आणि उदाहरण याच नाटकाचं देतो. कॉरिंथहून निरोप्या येतो तो आनंदाची बातमी घेऊन. ईडिपस ज्याला बाप समजतो तो पॉलिबस राजा वारला, आता तिथलं राज्य तुझं. तू आईशी लग्न करशील या भाकिताची भीती ईडिपसला अजून वाटते, तेव्हा ती घालवण्यासाठी तो भला माणूस सांगतो की तू त्या दोघांचा मुलगाच नाहीस. भीती काढायला केलेली गोष्ट भीती खरी करते.

वाचताना एक काम करा. कोणाला कधी उमजलं, ते पात्रागणिक लिहा. जोकास्टाला निरोप्याच्या बोलण्यातूनच सगळं कळतं. ती विनवते, पुढे शोधू नकोस, आणि आत निघून जाते. ईडिपसला मात्र वाटतं की आपण हलक्या कुळातले निघू याची तिला लाज वाटते. मी दैवाचा मुलगा आहे, मला कमीपणा नाही, असं तो अभिमानाने म्हणतो. त्याच्यामागून कोरस आनंदाचं गाणं गातो, याचा बाप कोणी देव असेल का अशी कल्पना रंगवतो. मंचावर सगळ्यात जास्त आशा आहे आणि घरात राणी मरणाची तयारी करते आहे. बायकोची उमज आणि नवऱ्याची उमज यांतल्या या शंभराहून अधिक ओळींमध्ये नाटकाचा ताण सर्वांत जास्त आहे. फक्त नायकावर नजर ठेवली तर हा भाग हातातून निसटतो.

तो जिथे थांबू शकला असता ती ओळ शोधा

प्रत्येक शोकांतिकेत अशी एक जागा असते आणि नायकाचं खरं मोजमाप तिथे होतं. इथे ती ११६९ आणि ११७० या दोन ओळींत आहे. म्हातारा गुराखी, म्हणजे तोच वाचलेला नोकर, ज्याच्याकडे ते मूल टाकायला दिलं होतं, बोलायला तयार नाही. त्याचे हात पिरगाळायची धमकी दिली जाते. शेवटी तो म्हणतो, आता मी भयंकर बोलण्याच्या काठावर उभा आहे. ईडिपसचं उत्तर: आणि मी ऐकण्याच्या. तरी ऐकायलाच हवं.

इथे ईडिपसला उत्तर जवळजवळ कळलेलं आहे. जोकास्टा, टायरेसियस, गुराखी, सगळ्यांनी त्याला थांब म्हटलं आहे. जो माणूस पहिल्या प्रवेशात 'सगळ्यांसमोर बोल' म्हणाला होता तोच हे उत्तर देतो. तेव्हा सत्य उघड करणं परवडणारं होतं, आता त्याची किंमत तो स्वतः आहे, आणि तरी रीत बदललेली नाही. या दोन ओळींसाठी मला हे नाटक जगातलं सगळ्यात मोठं नाटक वाटतं.

'दोष' शोधण्याची घाई नको

काव्यशास्त्रात म्हटलंय की शोकनायक फार सद्गुणीही नसावा आणि दुष्टही नसावा. तो कोसळतो ते दुष्टपणामुळे नव्हे, काही चुकीमुळे. ज्याला हॅमार्शिया म्हणतात ती हीच चूक. तिचा अर्थ पुढे 'स्वभावातला दोष' असा रूढ झाला, आणि मग प्रत्येक नायकाला एकेक दुर्गुण चिकटवण्याची रीत पडली: ईडिपसचा राग, क्रेऑनचा हट्ट, अशी. ईडिपसच्या बाबतीत चूक आहे ती माहितीची. आपले आईबाप कोण हे त्याला चुकीचं माहीत होतं. राग त्याला येतो हे खरं, तीन रस्त्यांवर आणि टायरेसियससमोरही येतो. पण बापाचा खून आणि आईशी लग्न ही रागाची शिक्षा आहे असं नाटक कुठेही म्हणत नाही. वहीत दुर्गुणाचा रकाना नाहीच, आणि तो वाढवूही नका.

शेवटच्या साडेतीनशे ओळी

बहुतेक विवेचनं सत्य कळलं तिथे थांबतात. सत्य कळतं ११८५च्या आसपास आणि नाटक आहे १५३० ओळींचं. नायक बदलला का, या प्रश्नाचं उत्तर या उरलेल्या भागात आहे, म्हणून तो दोनदा वाचा.

निरोप्या येऊन सांगतो की राणीने गळफास घेतला आणि ईडिपसने तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या टाचण्या काढून स्वतःचे डोळे फोडले. मग तो बाहेर येतो. कोरस विचारतो, कोणत्या देवाने तुला हे करायला लावलं? उत्तर असं: अपोलो, मित्रांनो, ही माझी दुःखं त्यानेच पुरी केली; पण वार केला तो माझ्याच हाताने, दुसऱ्या कोणाच्या नाही.

नाटकात पहिल्यांदाच ईडिपस दैव आणि स्वतःची कृती यांच्यात रेघ ओढतो. आधी जे घडलं ते त्याने नकळत केलं होतं, हे एकटंच त्याने समजून उमजून केलं आहे, आणि त्यावर तो आपलं नाव घालतो. बदल कुठे झाला असं मला कोणी विचारलं तर मी या ओळींवर बोट ठेवीन. स्वतःच्या कृत्याशी त्याचं नातं बदललं.

लगेच पुढे स्वभाव तपासा. आंधळं जगण्यापेक्षा मेलेलं बरं, असं कोरस म्हणतो. ईडिपस फटकारतो: मी केलं ते योग्य नव्हतं असं मला शिकवू नका. मग तो ओळीने कारणं मांडतो, पूर्वी पुरावे मांडायचा तशीच. क्रेऑनला सांगतो, मला ताबडतोब शहराबाहेर घालव. क्रेऑन म्हणतो, आधी देवाला विचारू. सुरुवातीला कौल मागवणारा ईडिपस होता. आता कौल दुसरा मागवतो आहे आणि ईडिपसला घाई झाली आहे. परिस्थितीची अदलाबदल पूर्ण झाली, स्वभाव तोच राहिला. मुली जवळ आल्यावर 'मुलांनो, कुठे आहात?' म्हणून तो हात पुढे करतो. पहिल्या प्रवेशात ही हाक सगळ्या शहराला होती. शेवटी क्रेऑन मुलींना त्याच्यापासून सोडवतो आणि सुनावतो: सगळीकडे आपलंच चालावं असं आता धरू नकोस. नम्र झालेल्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं.

नटांसाठी एक सूचना. या भागात आवाज खाली आणून दीनवाणा ईडिपस उभा करण्याचा मोह होतो. वाक्यांकडे बघा, त्यांत आज्ञा भरपूर आहेत. दुःखाचा आणि हुकुमाचा सूर एकाच वेळी लागायला हवा. अवघड आहे, पण संहिता तेच मागते.

हा निष्कर्ष ताडून पाहायचा असेल तर 'कोलोनसमधला ईडिपस' वाचा. सोफोक्लीजचं हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, ४०१मध्ये रंगभूमीवर आलं. तिथे म्हातारा, भटका ईडिपस सुरुवातीलाच म्हणतो की दुःखाने, काळाने आणि कुलीनपणाने मला थोडक्यात भागवायला शिकवलं. वाटतं, निवला. मग मुलगा पॉलिनायसिस मदत मागायला येतो आणि बाप त्याला असा शाप देतो की अंगावर काटा यावा.

आता तीच वही इतरांना लावा

'ॲंटिगनी'तला क्रेऑन सोपा आहे, कारण तिथे निर्णय डोळ्यांसमोर बदलतो. भावाचं प्रेत पुरायचं नाही हा त्याचा हुकूम ॲंटिगनीने मोडला म्हणून त्याने तिला शिक्षा ठोठावली आहे. मुलगा हेमॉन समजावतो, पुराच्या पाण्यात वाकणारी झाडं तगतात असं सांगतो, तर क्रेऑनचा प्रश्न की माझ्या वयाच्या माणसाने या पोराकडून शिकायचं? टायरेसियस भविष्य सांगून गेल्यावर मात्र तो ढासळतो. झुकणं भयंकर आहे, पण काय करू ते सांगा, मी ऐकतो, असं कोरसला म्हणतो. कोरसचा सल्ला आधी मुलीला कोठडीतून सोडव आणि मग उघड्यावर पडलेल्या प्रेताचं दफन कर, असा आहे. निरोप्याचा वृत्तांत काळजीपूर्वक वाचा. क्रेऑन आधी मैदानावर जातो, प्रेत धुतो, दहन करतो, वर मातीचा ढीग रचतो, आणि नंतर गुहेकडे वळतो. तोवर ॲंटिगनीने फास घेतलेला असतो.

निर्णय बदलला, क्रम चुकला. सोफोक्लीज यावर भाष्य करत नाही. मला वाटतं, कायदा, देव, शहर यांचा हिशेब आधी आणि समोरचं जिवंत माणूस नंतर, ही क्रेऑनची जुनी रीत पश्चात्तापातही सुटलेली नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकेल, पण क्रमाचा हा पुरावा तुमच्या उत्तरात यायलाच हवा.

'फिलॉक्टेटिस' (४०९) मधला निऑप्टोलेमस तरुण आहे आणि तो खरोखर बदलतो, असं सहसा म्हणतात. ओडिसियसच्या सांगण्यावरून तो लेम्नॉस बेटावरच्या जखमी फिलॉक्टेटिसला फसवून त्याचं धनुष्य मिळवतो आणि अखेर परत करतो. पण ज्ञानाची वही इथे उपयोगाची नाही, कारण त्याला सगळं आधीपासून माहीत आहे. त्याच्यासाठी शांततेचा रकाना आखा: फिलॉक्टेटिसला कळ येते तेव्हा हा किती वेळ गप्प राहतो, आणि गप्पपणा कुठल्या शब्दांनी फुटतो. तो म्हणतो की आपला स्वभाव सोडून न शोभणारं वागलं की सगळंच किळसवाणं होतं. सुरुवातीला, ओडिसियसशी बोलताना, लबाडीने जिंकण्यापेक्षा सरळ वागून हरलेलं चालेल असं तो म्हणालाच होता. म्हणजे हा बदल नव्या स्वभावाकडे जाणारा नाही, सोडून दिलेल्या स्वभावाकडे परतणारा आहे.

युरिपिडीजकडे वळलात की पद्धत थोडी ताणावी लागते. त्याची मिडीया मुलांना मारायचं ठरवते, एकाच भाषणात मागे फिरते, पुन्हा ठरवते. तिथे निर्णयाचा रकाना ओळीओळीने भरावा लागतो. सगळ्यात वादाचं उदाहरण 'ऑलिसमधली इफिजनिया' आहे. तेही नाटककाराच्या मृत्यूनंतर, ४०५मध्ये आलं. ट्रॉयला निघालेलं सैन्य अडकलं आहे आणि आगामेम्नॉनला स्वतःच्या मुलीचा बळी द्यायचा आहे. इफिजनिया बापाच्या पाया पडते. उजेड पाहण्याइतकं गोड काही नाही, चांगल्या मरणापेक्षा वाईट जगणं बरं, असं म्हणते. सव्वाशे ओळींनी हीच मुलगी मानाने मरायचा निश्चय जाहीर करते. ॲरिस्टॉटलने याच पात्रावर ठपका ठेवला: विनवणारी इफिजनिया आणि नंतरची इफिजनिया एकमेकींसारख्या नाहीत.

मला हा ठपका पटत नाही, आणि का ते वहीनेच दाखवता येतं. त्या सव्वाशे ओळींत काय काय घडतं ते लिहून काढा. बाप उत्तर देतो आणि ग्रीस स्वतंत्र राहिला पाहिजे हा मुद्दा काढून निघून जातो. ती एकटी गाते. मग ग्रीक योद्धा अकिलीज येऊन सांगतो की सैन्य खवळलं आहे, माझेच सैनिक मला दगड मारायला उठले, तरी मी तुझ्यासाठी लढेन. आई आणि अकिलीज बोलत असताना मुलगी ऐकते आहे. त्यानंतर ती बोलते तेव्हा ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मुद्दा तिच्या तोंडी येतो, बापाकडून आलेला, आणि माझ्यापायी या माणसाने जीव का गमवावा हेही येतं. सुटकेचे दरवाजे एकेक करून बंद झाले, आणि जे अटळ होतं ते तिने स्वतःचं करून टाकलं. ईडिपसने आपल्या हाताने केलेल्या वारावर नाव घातलं, त्याच्या जवळचीच ही गोष्ट आहे, फक्त ती फार घाईने घडते.

कुठल्याही नाटकात असा झपाट्याने झालेला बदल दिसला की नंतरच्या भाषणातला प्रत्येक मुद्दा अधोरेखित करा आणि तो आधी कोणाच्या तोंडी आला होता ते मागे जाऊन शोधा. मुद्दा सापडला तर ओळ क्रमांकासह वहीत लिहा. सापडला नाही तर तेही लिहा, आणि ॲरिस्टॉटलचा आक्षेप त्या पानावर मान्य करा.